टोकन देण्याआधी: मुंबईत भाड्याचं किंवा विकतचं घर शोधताना

मुंबईत घर बघायला बहुतेक जण रविवारी दुपारी जातात. एजंटलाही तीच वेळ सोयीची असते. लोकल रिकामी, रिक्षा लगेच मिळते, समोरच्या बांधकामाचं ड्रिलिंग बंद. पाणी सकाळीच येऊन गेलेलं असतं, त्यामुळे नळाचा विषय कुणी काढत नाही. २०११ मध्ये अशाच एका रविवारी मी कांदिवलीत एक वनबीएचके बघितला, आवडला, आणि खाली रसवंतीसमोर उभ्या उभ्या १०,००० रुपये टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देऊन टाकलं. बुधवारी कळलं की तिथे पाणी पहाटे साडेचारला येतं आणि वीस मिनिटांत जातं. टोकन परत मागितलं तर एजंट हसून म्हणाला, "साहेब, परत मिळायला ती काय अनामत आहे?"

त्यानंतर चार भाड्याची घरं झाली आणि एक विकतचं. या सगळ्यातून एवढंच शिकलो की टोकन देईपर्यंत दोर आपल्या हातात असतो, दिलं की समोरच्याच्या. म्हणून खाली सांगितलेलं जवळजवळ सगळं टोकनच्या आधी उरकायचं आहे.

हिशेब आधी, घर नंतर

भाड्याच्या घराचं बजेट म्हणजे महिन्याचं भाडं, असं धरून लोक निघतात आणि पहिल्याच घराला अडकतात. समजा भाडं ३५,००० रुपये आणि डिपॉझिट दीड लाख आहे. एजंटची दलाली बहुतेक ठिकाणी एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. म्हणजे चावी हातात येण्याआधी २,२०,००० रुपये गेले. टेम्पो, हमाल, पंखे-गीझर बसवणं आणि करारनाम्याचा खर्च वेगळा. हे पैसे बाजूला नसतील तर घर बघायला जाऊ नका. घाईत माणूस वाईट घर घेतो.

विकत घेणाऱ्याचा हिशेब जास्त फसवा. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँका घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकतात, आणि किंमत म्हणजे बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस सांगेल ती. आता १ कोटीचा रीसेल फ्लॅट घ्या. बँकेचे जास्तीत जास्त ७५ लाख धरा. उरलेले २५ लाख तुमचे. त्यावर मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख; घर केवळ बाईच्या नावावर असेल तर ५ लाख. नोंदणी फी ३०,००० रुपये. एजंट दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के मागतो. झाले बत्तीस-तेहतीस लाख रोख, आणि अजून किचनच्या ओट्याला हात लावलेला नाही. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा सरकारी रेडी रेकनरच्या मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. "व्हाइट थोडं कमी दाखवू", म्हणजे करारात किंमत कमी लिहून बाकीचे रोखीत घेऊ, असं कुणी म्हणालं तर त्यात मुख्य फायदा त्याचाच असतो. तुम्हाला उद्या विकताना तेवढाच जास्त भांडवली नफा दिसणार.

एरिया नाही, स्टेशन निवडा

"आम्हाला चेंबूरला हवंय" किंवा "मुलुंड चालेल" अशी सुरुवात करू नका. ऑफिस, मुलांची शाळा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा दवाखाना कागदावर लिहा आणि त्यांना जोडणारी लाइन बघा. पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर, आणि आता मेट्रो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून आहे. दहिसर ते अंधेरीच्या दोन मार्गिका आल्या. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ पासून पूर्ण धावते. बीकेसीत किंवा सीप्झमध्ये नोकरी असलेल्यांचं गणित त्यामुळे पार बदललंय. जुनं "वांद्र्याला उतरून शेअर रिक्षा" हे एकच उत्तर आता राहिलं नाही.

मग परीक्षा घ्या. ज्या स्टेशनजवळ घर बघताय तिथून एका कामाच्या दिवशी सकाळी तुमच्या नेहमीच्या वेळेला ऑफिस गाठा आणि संध्याकाळी परत या. जाणं सोपं असतं, खरी कसोटी परतीची. गाडी तिथूनच सुटते की मागून भरून येते, हा फरक रोजचा आहे. अंधेरी, बोरिवली, ठाणे, डोंबिवली इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, म्हणून तिथे निदान आशा असते. मधल्या स्टेशनवर फास्ट थांबते का, हेही बघा. नकाशावर दहा किलोमीटर जवळचं घर वेळेत लांब पडू शकतं.

एजंटचं "स्टेशनपासून सात मिनिटं" हे सुद्धा स्वतः चालून बघा. पूर्वेहून पश्चिमेला जायला पूल चढायचा असेल तर त्यात धरलेला नसतो. रिक्षावर भिस्त असेल तर लक्षात ठेवा, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. तिथे बस, टॅक्सी नाहीतर पाय.

शेवटी पाऊस. हिंदमाता, गांधी मार्केट, शीव, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात, पण पाणी त्यांच्याआड असलेल्या गल्ल्यांतही भरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे नाक्यावरच्या जुन्या वाण्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

जाहिरातीची भाषा

"वनबीएचके, ६५० फूट" म्हणजे काय, हे आधी फोनवरच विचारा: कार्पेट की बिल्ट-अप की सुपर बिल्ट-अप? लोडिंग, म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा धरलेला वाटा, काढल्यावर त्याच घराचे ४२० निघतात. घर बघताना मोजपट्टी घेऊन जा. लाज वाटायचं कारण नाही, फ्रिज आत जातो की नाही हे तीच सांगते. रेरा या बांधकाम क्षेत्राच्या कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी येत नाही. नव्या प्रकल्पाच्या दराची तुलना याच आकड्यावर करा.

एजंट एकच ठरवू नका, पण दहाजणांनाही नंबर देऊ नका. एकच फ्लॅट तिघांनी दाखवला की दलाली कुणाची यावरून खाली भांडण होतं आणि मालकाच्या मनातून तुम्ही उतरता. मी दोन एजंट आणि एक वॉचमन धरतो. रिकामं होणारं घर सगळ्यांत आधी वॉचमनला कळतं, त्यानंतर इस्त्रीवाल्याला.

आणि तो प्रश्न येणारच: "फॅमिली का? नॉनव्हेज खाता का?" बोंबलाचा वास अख्ख्या मजल्याला जातो हे खरं, पण दुसऱ्याच्या ताटात डोकावून घर नाकारणं मला आजही झोंबतं. व्यवहारी सल्ला एवढाच की हे फोनवर स्पष्ट करून घ्या. लपवून राहिलात तर अकरा महिने खिडक्या बंद करून सुरमई तळाल.

घर दोनदा बघा

एकदा एजंटबरोबर, एकदा एकट्याने. दुसरी फेरी कामाच्या दिवशी, शक्यतो पाणी येण्याच्या वेळेला. पाण्याची वेळ, टाकी किती मोठी, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, हे सेक्रेटरीला नव्हे, जिन्यात भेटलेल्या बाईंना विचारा. सेक्रेटरी सोसायटीची इज्जत राखतो.

आत गेल्यावर रंगाचा वास आला तर सावध व्हा. पूर्ण घराचा रंग ठीक. एकाच कोपऱ्याला ताजा हात मारलेला असेल तर खाली ओल आहे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आतून तळहाताने चाचपा. बाथरूमचं छत बघा, वरच्यांची गळती तिथे पोपडे काढते. कपाटं उघडा, माळ्यावर टॉर्च मारा, सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा. मोबाइलला रेंज बेडरूममध्ये आहे का? सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन या. तिथे ताडपत्री किंवा पत्र्याची शेड दिसली तर कारण विचारा. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायला हवी, पण तेवढा फंड आहे का?

त्याचं उत्तर खालच्या नोटीस बोर्डवर असतं. मुंबईतल्या इमारतीचा खरा चेहरा तोच. थकबाकीदारांची यादी, पाणीकपातीची सूचना, दुरुस्तीसाठी प्रत्येक घराला लावलेली वर्गणी, लिफ्ट बंद असल्याचा कागद, सर्वसाधारण सभेचा विषय. मी चपलांसारखाच नोटीस बोर्डचाही फोटो काढतो. (चपला का? दारासमोर किती जोड आहेत त्यावरून शेजारी किती माणसं राहतात ते कळतं.) तीस वर्षांपेक्षा जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं आणि अहवालात काय आलं, ते विचारा. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत. अशा घराचं भाडं स्वस्त दिसेल, पण तिकडे जाऊ नका.

भाड्याने घेताना

मुंबईतला नेहमीचा करार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायच्या परवानगीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला दंड किंवा शिक्षा होऊ शकते, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. "नोटरी करून देतो, स्वस्तात होईल" म्हणणाऱ्या एजंटला हे सांगा. नोंदणी घरबसल्या होते: एजंट बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन येतो, आधारवरून ओळख पटते, दस्त ऑनलाइन नोंदवला जातो. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव व्याज, याच्या ०.२५ टक्के. वरच्या ३५,००० च्या उदाहरणात अकरा महिन्यांसाठी ते साधारण १,००० रुपये पडतं. एजंट सहा हजार सांगत असेल तर बाकीचं कशाचं, ते विचारा.

मालक तोच आहे याची खात्री करा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या कराराचा सरकारी उतारा), वीजबिल आणि ओळखपत्र यांच्यावर एकच नाव हवं. 'हेवी डिपॉझिट'मध्ये तर हे दुप्पट लागू. आठ-दहा लाख द्या, भाडं नको किंवा नावापुरतं, वर्षाने पैसे परत: ऐकायला गोड. पण एकच घर तीन जणांना हेवीवर देऊन पसार झालेले महाभाग आहेत, आणि मालकाच्या कर्जाचे हप्ते थकले तर बँक येऊन घराला सील लावते. तुमचे दहा लाख मग मागत फिरा. माझं मत विचाराल तर हेवी टाळा. घ्यायचंच असेल तर रक्कम बँकेतून द्या आणि करारात पूर्ण आकडा लिहून घ्या.

करारात बघायच्या जागा थोड्याच. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिने आणि तो दोघांनाही लागू आहे का. नोटीस एक महिन्याची की दोन. डिपॉझिट घर सोडल्याच्या दिवशी, चावीच्या बदल्यात परत. "पुढचा भाडेकरू आल्यावर" हे शब्द खोडून घ्या. रंगकामाचे पैसे कापणार का, किती. मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा. आत जाण्याआधी मोबाइलवर घराचा पूर्ण व्हिडिओ काढा आणि वीजमीटरच्या रीडिंगसकट मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. जाताना त्याची किंमत कळते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवण्याचं काम मालकाचं, तरी पावतीची प्रत मागून ठेवा. सोसायटीची पूर्वपरवानगी आदर्श उपविधींनुसार लागत नाही, मालकाने आगाऊ कळवायचं असतं. "सोसायटी भाडेकरूकडून महिन्याला पाच हजार घेते" असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, घर भाड्याने दिल्याबद्दलचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि तो मालकाने भरायचा असतो. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापण्याची जबाबदारी मात्र तुमची.

नव्या इमारतीत

सॅम्पल फ्लॅट बघू नका असं म्हणत नाही, पण आधी महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो. पूर्ण होण्याची पहिली तारीख कोणती होती, किती वेळा पुढे ढकलली, खटले किती, हे तिथे दिसतं. मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, उघडून बघा. ते पुष्कळदा काही मजल्यांपुरतंच असतं. एकविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्हाला विकतायत आणि सीसी बाराव्यापर्यंतच आहे, असं सर्रास घडतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेत १ टक्का. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, हे पहिल्या पावसात आठवा.

रीसेल: इथे थांबा, घाई करू नका

मी स्वतः रीसेल घेतलं, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. जे आहे ते डोळ्यांना दिसतं. न दिसणारं कागदात असतं, आणि ते वाचायला वकील लावा. त्याची फी एजंटच्या दलालीपुढे किरकोळ असते. वकील एजंटने सुचवलेला नको.

पहिला प्रश्न साखळीचा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक करारनामा मूळ प्रतीत हवा, मुद्रांक भरलेला आणि नोंदलेला. मधला एक हरवला असेल तर बँक तिथेच हात वर करते. सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुम्हालाही बघता येतो.

दुसरा प्रश्न विकणाऱ्याचा हक्क. वडील गेले, सोसायटीत नामनिर्देशन मुलाचं, शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर झालं. म्हणून तो एकटा मालक झाला का? नाही. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. अमेरिकेतली बहीण आणि नाशिकचा भाऊ यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिलं नसेल, तर उद्या ते तुमच्या दारात उभे राहू शकतात. आमचा एक चांगला फ्लॅट याच कारणाने हुकला. तेव्हा वाईट वाटलं होतं.

तिसरा ओसीचा. मुंबईत भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या कितीतरी इमारतींत माणसं वर्षानुवर्षं राहतायत. पाणी जास्त दराने येतं, काही बँका कर्जाला नाक मुरडतात, आणि विकायच्या वेळी हाच प्रश्न तुम्हाला विचारला जातो. चौथा कन्व्हेअन्सचा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अजून बिल्डर किंवा मूळ मालक असेल तर रिडेव्हलपमेंटच्या गप्पा लांबल्याच. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने सही दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज केलाय का, हे तरी विचारा. जमीन कलेक्टरची असेल किंवा घर म्हाडाचं असेल तर हस्तांतराची परवानगी आणि तिचा खर्च कुणी करायचा, ते आधी ठरवा.

"बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय" म्हणून दर चढवणाऱ्या मालकाकडे सभेचं इतिवृत्त मागा. बिल्डर नेमला गेलाय, करार झालाय, की नुसती चर्चा? चर्चेला चौरस फुटामागे पैसे देऊ नका. आणि गिरगाव-लालबागची पागडीची खोली कुणी "ओनरशिपसारखीच" म्हणून दाखवली तर ती ओनरशिप नाही. तो भाडेकरूचा हक्क आहे, हस्तांतराच्या वेळी घरमालकाचा वाटा द्यावा लागतो, आणि गृहकर्ज सहसा मिळत नाही.

पार्किंग मालक तोंडाने देतो. स्टिल्टमधली जागा त्याची नसते, सोसायटीने दिलेली असते. सेक्रेटरीकडून लेखी घ्या. सोसायटीचं हस्तांतर प्रीमियम मुंबईत २५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. "डोनेशन" मागितलं तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आणि मग टोकन. रोख नाही, चेक किंवा ऑनलाइन. सोबत एक साधा कागद: फ्लॅटचा क्रमांक, ठरलेली एकूण किंमत, टोकनची रक्कम, करार कधीपर्यंत करायचा ती तारीख, आणि एक ओळ: "कागदपत्रांत दोष आढळल्यास किंवा बँकेने या फ्लॅटवर कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल." त्याखाली मालकाची सही, घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांची. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, तोही टोकनपासून. आमच्या घराच्या वेळी त्या ओळीवर मालक अडला होता. एजंट म्हणाला, "विश्वास ठेवा की." मी पेन टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत सही झाली.